‘व्हिक्टोरिया’ ऊर्फ ‘अनास्तासिस’ : एका उतारू-जहाजाचा जीर्णोद्धार व त्यावरील तरता दवाखाना

(१) विषयप्रवेश

जुन्या देवळाचा किंवा घाटाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे बहुधा त्याचा एखादा शिलालेख तरी मागें राहतो, आणि मूळ बांधणी कोणती व मागाहूनचें काम कोणतें हें संशोधकास दगडावरूनच ठरवितां येतें. जहाजाची गोष्ट तशी नाहीं. जहाज विकलें कीं त्याचें नांव बदलतें, नांवाबरोबर निशाण बदलतें, निशाणाबरोबर दप्तर बदलतें. आणि अखेर तें मोडींत निघालें म्हणजे ज्या वस्तूशीं कागद ताडून पाहावयाचे ती वस्तूच नाहींशी होते. मग एकाच जहाजाचे कागद दोन-तीन निरनिराळ्या जहाजांचे समजून वेगवेगळ्या ठिकाणीं पडून राहतात, आणि एका संग्राहकास दुसऱ्याच्या संग्रहाशीं आपला कांहीं संबंध आहे याची कल्पनाही नसते.

प्रस्तुत लेखांत अशा एका जहाजाची हकीकत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. १९५३ पासून इटलीहून कराची-मुंबईच्या वाटेनें हाँगकाँगपर्यंत उतारू नेणारें ‘व्हिक्टोरिया’; १९७८ सालीं ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं भंगाराच्या भावानें विकत घेऊन दुरुस्त केलेलें व पुढें तरता दवाखाना म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर राहिलेलें ‘अनास्तासिस’; आणि २००७ सालीं गुजराथेंत अलंगच्या किनाऱ्यावर तोडलें गेलेलें एक जुनें जहाज, हीं तिन्ही एकच होत. जहाज पन्नासांहून अधिक वर्षें पाण्यावर होतें. त्याच्या आयुष्याच्या पहिल्या भागाचे कागद आपल्याकडील घरांतून सांपडण्याचा संभव आहे, उत्तर भागाचे कागद परदेशांत आहेत, आणि शेवट आपल्याच किनाऱ्यावर झाला आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हे दोन भाग एकत्र ठेवल्यावांचून त्यांपैकीं एकाचाही नीट उलगडा होत नाहीं. तो दवाखाना मिशनऱ्यांच्या इच्छेनें झाला हें खरें. परंतु तो होऊं शकला तो मूळच्या उतारू-जहाजाच्या बांधणीमुळें.

(२) नामनिर्णय

प्रथम नांवाचा घोळ दूर केला पाहिजे. ‘व्हिक्टोरिया’ या नांवाचीं जहाजें अनेक होऊन गेलीं. हिंदुस्थानच्या संबंधांत त्यांपैकीं तीन लक्षांत ठेवावीं. पहिलें पी. अँड ओ. कंपनीचें १८८७ सालचें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कागदांत तें आढळल्यास नवल नाहीं. दुसरें व तिसरें हीं दोन्ही लॉइड ट्रिएस्टिनो या इटालियन कंपनीचीं. ही कंपनी मूळची ऑस्ट्रियन लॉइड. ट्रिएस्ट बंदर तेव्हां ऑस्ट्रियाच्या ताब्यांत असून तेथें १८३६ सालीं तिनें आगबोटींचा धंदा सुरू केला. पहिल्या महायुद्धानंतर ट्रिएस्ट इटलीकडे गेलें व कंपनीचें नांव बदललें. या कंपनीच्या आगबोटी आपल्या लोकांच्या चांगल्या परिचयाच्या होत्या. १९३१ सालीं दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परततांना महात्मा गांधी ब्रिंडिसी येथें ‘पिल्स्ना’ या तिच्याच आगबोटीवर चढले व २८ डिसेंबर रोजीं मुंबईस उतरले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

लॉइड ट्रिएस्टिनोचें पहिलें ‘व्हिक्टोरिया’ १९३१ सालचें. युद्धापूर्वीं तें मुंबईवरून शांघायपर्यंत जात असे. जून १९४० मध्यें इटली युद्धांत पडल्यावर ही ये-जा बंद झाली, आणि जानेवारी १९४२ मध्यें लिबियाकडे सैन्य नेत असतां ब्रिटिश विमानांच्या हल्ल्यांत तें जहाज भूमध्यसमुद्रांत बुडालें. त्याच कंपनीनें युद्धानंतर बांधविलेलें दुसरें ‘व्हिक्टोरिया’ १९५१ सालीं पाण्यांत सोडलें गेलें व १९५३ सालीं कामावर रुजू झालें. आमच्या लेखाचा विषय हें दुसरें होय.

यावरून संग्राहकांस एक सोपा नियम सांगतां येतो. लॉइड ट्रिएस्टिनोच्या ‘व्हिक्टोरिया’चा कागद जून १९४० पूर्वींचा असेल तर तो बुडालेल्या जहाजाचा; १९५३ ते १९६६ या काळांतील असेल तर तो पुढें दवाखाना झालेल्या जहाजाचा. मधल्या काळची तारीख आढळल्यास ती वाचण्यांत चूक झाली आहे, किंवा जहाज तिसऱ्याच कोणाचें आहे, असें समजावें. कंपनीचें नांव एक व जहाजाचें नांवही एक असल्यामुळें तारखेवांचून हा निर्णय करूं नये.

(३) पहिलें आयुष्य

दुसरें ‘व्हिक्टोरिया’ कान्तिएरी रिउनिती देल्ल आद्रिआतिको या प्रसिद्ध इटालियन कारखान्याचें काम. त्याच्याबरोबर ‘आशिया’ नांवाचें एक जुळें जहाज बांधण्यांत आलें. दोन्ही डिझेल एंजिनांवर चालणारीं होतीं. तथापि आपल्याकडे बोलण्यांत अशा जहाजांसही आगबोटच म्हणत, व जुन्या पत्रांतून तोच शब्द येतो हें वाचणारानें ध्यानीं धरावें. ‘व्हिक्टोरिया’ची लांबी सुमारें ५२२ फूट, म्हणजे १५९ मीटर, व माप सुमारें ११,७०० टन. हा टन वजनाचा नव्हे. जहाजाच्या बंदिस्त जागेचें आकारमान काढून दर १०० घनफुटांस एक टन धरण्याचा जुना प्रघात होता, त्या हिशेबाचा हा आंकडा आहे. म्हणून जहाजाचा टनांतील आंकडा पाहून त्यावर तितकें ओझें मावतें असें अनुमान करूं नये. दवाखान्याच्या दृष्टीनें मात्र हा आकारमानाचा आंकडाच महत्त्वाचा. कारण रोग्यांस लागते ती जागा, वजन नव्हे.

मार्ग असा होता : ट्रिएस्टहून निघून इटलीचीं दुसरीं बंदरें घेत पोर्ट सैद, सुवेझ व एडन, तेथून कराची, मुंबई, कोलंबो, सिंगापूर व अखेर हाँगकाँग. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत विमानाचें भाडें सामान्य माणसाच्या आवांक्यांत नव्हतें. शिक्षणासाठीं युरोपांत जाणारे विद्यार्थी, व्यापारी, नोकरदार व त्यांचीं कुटुंबें हीं समुद्रमार्गेंच जात, आणि ‘आशिया’ व ‘व्हिक्टोरिया’ हीं नांवें अशा लोकांच्या तोंडीं असत.

१९६६ सालीं ‘व्हिक्टोरिया’ आद्रिआतिका या दुसऱ्या इटालियन कंपनीकडे गेलें व पूर्व भूमध्यसमुद्रांत ये-जा करूं लागलें. मुंबईशीं त्याचा संबंध तेथें तुटला. पुढें विमानांनीं उतारूंचा धंदा ओढून घेतला आणि १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत तें व्हेनिस येथें काम नसल्यामुळें उभें राहिलें. जुळें भावंड ‘आशिया’ याचें नशीब निराळें. तें विकलें जाऊन गुरें-मेंढरें वाहून नेणारें जहाज झालें. एकाच कारखान्यांत एकाच नकाशावर बांधलेलीं दोन जहाजें. एकाच्या खोल्यांतून पुढें रोगी निजले व दुसऱ्यांत जनावरें कोंबलीं गेलीं.

(४) खरेदी व तिचें कारण

वैद्यकीय मिशनरी पाण्यावरून फिरण्याची कल्पना नवी नव्हती. १८९२ सालीं खोल समुद्रावरील कोळ्यांसाठीं काम करणाऱ्या इंग्रजी मिशननें डॉक्टर विल्फ्रेड ग्रेन्फेल यांस ‘अल्बर्ट’ या शिडाच्या गलबतावरून उत्तर अमेरिकेंतील लॅब्रडॉरच्या किनाऱ्यावर धाडलें होतें. आफ्रिकेंत न्यासा सरोवरावर अँग्लिकन मिशनची ‘चॉन्सी मेपल्स’ ही आगबोट १९०१ सालीं तरंगूं लागली. ती ग्लासगो येथें बांधून, सुटे भाग करून, जमिनीवरून ओढून सरोवरापर्यंत नेली होती, व शाळा आणि दवाखाना या दोन्ही कामीं ती पडली. परंतु त्या बोटींवर फार तर औषधोपचार व लहान शस्त्रक्रिया होत. संपूर्ण रुग्णालयच जहाजावर नेण्याचा शांततेच्या काळांतील मोठा प्रयोग अमेरिकेच्या ‘होप’ या जहाजानें १९६० ते १९७४ या काळांत केला. तें आरमाराचें जुनें रुग्णालय-जहाज असून त्यामागील संस्था मिशनरी नव्हती.

‘होप’चा कित्ता डॉन स्टीफन्स या अमेरिकन गृहस्थांपुढें होता. ते ‘यूथ विथ अ मिशन’ या ख्रिस्ती संस्थेंत काम करीत. आपल्या प्रेरणेचें वर्णन करतांना त्यांनीं ‘होप’चा, तसाच कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांच्याशीं झालेल्या भेटीचाही उल्लेख केलेला आहे. १९७८ सालीं (शके १९००) त्यांच्या संस्थेनें ‘व्हिक्टोरिया’ दहा लक्ष डॉलरांस विकत घेतलें.

ही किंमत जहाजाची नव्हे, पोलादाची होती, हें येथें सांगितलें पाहिजे. उतारू-जहाज जुनें झालें म्हणजे त्यास दोनच गिऱ्हाइकें उरतात : एक तें चालवूं इच्छिणारा, व दुसरा तें तोडणारा. चालविणारा कोणी पुढें आला नाहीं तर तोडणाऱ्यानें पोलादाच्या वजनावर सांगितलेला भाव हाच बाजारभाव ठरतो. मिशनऱ्यांनीं तो दिला. पंचवीस वर्षांचें, परंतु अंगानें धड असलेलें, सुमारें ११,७०० टन मापाचें जहाज त्यांस भंगाराच्या मोलानें मिळालें. गरीब संस्थेच्या हातीं मोठें साधन येण्याचा हाच एक मार्ग असतो, आणि जुन्या जहाजांचा जीर्णोद्धार करून त्यांवर दवाखाने काढण्याची प्रथा का पडली याचें उत्तर या हिशेबांत आहे.

नवें नांव ठेवलें तें ‘अनास्तासिस’, म्हणजे ग्रीक भाषेंत पुनरुत्थान. ख्रिस्ती धर्मांत या शब्दास विशेष अर्थ आहे. जहाजाच्या बाबतींत तो अक्षरशः लागूं पडला. जहाजावर निशाण लागलें तें माल्टा बेटाचें.

(५) एलेफ्सिना येथील दुरुस्ती

जहाज व्हेनिसहून ग्रीसमध्यें नेण्यांत आलें व अथेन्सजवळ एलेफ्सिनाच्या उपसागरांत नांगरून ठेवण्यांत आलें. प्राचीन ग्रीकांच्या गूढ यात्रेचें स्थान म्हणून हें गांव इतिहासज्ञांस ठाऊकच आहे. अलीकडे तेथें जहाजांच्या गोद्या व धंद्यावांचून उभीं असलेलीं जहाजें असत. ‘अनास्तासिस’ तेथें सुमारें तीन वर्षें राहिलें व १९८२ च्या जुलईंत बाहेर पडलें. काम करणारे बहुतेक स्वयंसेवक होते. त्यांस पगार नसे, उलट स्वतःच्या खर्चाची वर्गणी ते स्वतःच भरीत. हीच रीत पुढें दवाखान्याच्या डॉक्टर-परिचारिकांसही लागूं राहिली.

तीन वर्षें कां लागलीं हें समजण्यासाठीं जहाजाचा जीर्णोद्धार म्हणजे काय हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. देवळाचा जीर्णोद्धार करणारा आपल्या समजुतीनें काम पुरें करूं शकतो. जहाजाचें काम पुरें झालें कीं नाहीं हें दुसरेच ठरवितात. जहाजाचा दर्जा ठरविणारी संस्था तळाचे व बाजूंचे पत्रे किती झिजले हें मोजते, यंत्रें चालवून पाहते व मगच दाखला देते. ज्या राष्ट्राचें निशाण लावावयाचें त्या राष्ट्राचा दाखला वेगळा. समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९७४ सालीं नव्यानें झाला व १९८० मध्यें अंमलांत आला. ‘व्हिक्टोरिया’ बांधलें गेलें तेव्हां हे नियम नव्हते. तें दुरुस्त होत असतांनाच ते लागूं झाले. आगीपासून बचाव, जीवरक्षक होड्या, संकटकाळची वीज यांविषयीं जुन्या जहाजास नव्या कसोटीला उतरावें लागतें. लाकडी तक्तपोशी व सुबक फर्निचर यांत १९५३ चीं उतारू-जहाजें श्रीमंत. पण आगीच्या दृष्टीनें तीच त्यांची उणीव.

अशा कामांत डोळ्यांस दिसणारी रंगरंगोटी हा सर्वांत लहान भाग होय. नळ गंजलेले असतात, तारांचें आवरण ठिसूळ झालेलें असतें, पंपांचे सुटे भाग कारखान्यानें बनविणें बंद केलेलें असतें. आणि एक नळ बदलण्यासाठीं चार भिंती उघडाव्या लागतात.

(६) उतारू-जहाजाचा दवाखाना कसा होतो

आरंभीं कांहीं वर्षें ‘अनास्तासिस’चा उपयोग मुख्यतः मदतीचें सामान नेण्याकडे झाला. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत त्यावरील शस्त्रक्रियेचें काम वाढीस लागलें आणि पुढें पुष्कळ वर्षें पश्चिम आफ्रिका हेंच त्याचें मुख्य क्षेत्र झालें. घाना, टोगो, बेनिन, गिनी, सिएरा लिओन, गांबिया व लायबेरिया या देशांच्या बंदरांत तें महिनोन् महिने राहत असे.

जहाजास नऊ मजले होते. पूर्वीं माल व उतारू यांच्या सेवेस असलेल्या जागेंतून तीन शस्त्रक्रियागृहें, ४० खाटांचा रुग्णकक्ष, क्ष-किरणांची खोली, प्रयोगशाळा व दातांचा दवाखाना हीं तयार झालीं. चाळीस खाटा म्हणजे फार नव्हेत, असें कोणास वाटेल. परंतु त्या चाळीस खाटांमागें जहाजावर तीन-चारशें माणसें राहत होतीं, आणि येथेंच मूळच्या बांधणीचा उपयोग दिसून येतो. खलाशी, यंत्रकार, स्वयंपाकी, डॉक्टर, परिचारिका, त्यांचीं मुलें व मुलांचे शिक्षक यांस खोल्या मिळाल्या त्या उतारूंच्या. भटारखाना, धुण्याची सोय, भोजनगृहें, सांडपाण्याची व्यवस्था हीं सर्व आधींच होतीं. मालवाहू जहाज घेतलें असतें तर जागा मिळाली असती, पण शेंकडों माणसें वर्षानुवर्षें राहण्याची सोय नव्यानें बांधावी लागली असती. म्हणून आम्हीं वर म्हटलें कीं, दवाखाना हा उतारू-जहाजाच्या बांधणींतून निघाला.

शस्त्रक्रिया भर समुद्रांत होत नसत. जहाज बंदराच्या धक्क्यास घट्ट बांधलेलें असे व तेथेंच रुग्णालय चालत असे. मग जमिनीवरच इमारत कां नको, असा प्रश्न सहज येतो. उत्तर असें कीं, ज्या देशांत यादवी युद्धानें वीजघर, पाणीपुरवठा व इस्पितळें उद्ध्वस्त झालेलीं असतात तेथें इमारत बांधून भागत नाहीं. वीज, शुद्ध पाणी, निर्जंतुक केलेलीं हत्यारें, रक्ततपासणी व राहण्यास निर्धास्त जागा हीं सर्व एकदम लागतात. जहाज हीं सर्व स्वतःबरोबर घेऊन येतें. लायबेरियांत २००३ सालीं युद्ध थांबलें. त्यानंतर ‘अनास्तासिस’ तेथें गेलें तेव्हां हीच गोष्ट प्रत्ययास आली.

रोगी कोणते येत? मोतीबिंदूनें आंधळे झालेले, दुभंगलेल्या ओठांचीं व टाळूचीं मुलें, वांकड्या पावलांचीं मुलें, बाळंतपणांतील इजेमुळें मूत्राशयास छिद्र पडून घराबाहेर काढल्या गेलेल्या स्त्रिया, आणि चेहऱ्यावर व जबड्यांत वाढलेल्या गांठींचे रोगी. या शेवटच्या गांठी पुष्कळदां कर्करोगाच्या नसतात. पण वर्षानुवर्षें वाढत गेल्यानें श्वास व अन्न यांचा मार्गच बंद करतात, व वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास त्यांनीं मृत्यु येतो. ‘नोमा’ नांवाचा, कुपोषित मुलांच्या गालाचें मांस कुजवून टाकणारा रोगही तेथें आढळे. यांतील बहुतेक विकार जेथें शस्त्रवैद्य आहे तेथें लहानपणींच बरे होतात. जेथें तो नाहीं तेथें माणूस तोंडावर फडकें गुंडाळून आयुष्य काढतो. जहाज बंदरांत आलें म्हणजे तपासणीच्या दिवशीं हजारों लोक रांगा लावीत. चाळीस खाटा असल्यामुळें त्यांतून निवड करावी लागे, व कित्येकांस नाहीं म्हणावें लागे.

या पद्धतीची उणीवही सांगणें अवश्य आहे. जहाज जातें, रोगी मागें राहतो. ज्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभर देखरेख लागते ती करावी कीं नाहीं हा प्रश्न तरत्या दवाखान्यापुढें नेहमींच असतो. आपल्याकडे मिरजेस डॉक्टर वॉनलेस यांनीं १८९४ सालीं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचें रुग्णालय स्थापिलें; तें एके ठिकाणीं राहिलें म्हणूनच त्याच्या आधारानें देशी डॉक्टर व परिचारिका यांच्या पिढ्या तयार झाल्या. जहाजास हें कठीण. स्थानिक वैद्यांस जहाजावर शिक्षण देण्याचा उपक्रम पुढें वाढला तो याच जाणिवेनें, असें मानण्यास हरकत नाहीं.

(७) धर्मप्रसाराचा प्रश्न

हें काम ख्रिस्ती मिशनऱ्यांचें असल्यामुळें धर्मप्रसाराचा प्रश्न टाळून चालणार नाहीं. आणि इतिहासांत तो खुद्द एका ख्रिस्ती राष्ट्रांतच उपस्थित झालेला आहे. ग्रीसमध्यें दुसऱ्याच्या धर्मनिष्ठेस ढळविण्याचा प्रयत्न करणें हा १९३८-३९ च्या कायद्यान्वयें गुन्हा असून १९७५ च्या राज्यघटनेंतही त्याचा निषेध आहे. जहाज एलेफ्सिना येथें असतांना एका अल्पवयी ग्रीक मुलास धर्मग्रंथ दिल्याच्या प्रकरणावरून डॉन स्टीफन्स, अ‍ॅलन विल्यम्स व ग्रीक मिशनरी कोस्तास माक्रिस यांवर खटला झाला. डिसेंबर १९८४ मध्यें तिघांस साडेतीन वर्षांची शिक्षा सांगण्यांत आली. मे १९८६ मध्यें अपिलांत ते निर्दोष सुटले. तोंपर्यंत जहाज ग्रीस सोडून कधींच गेलें होतें.

या खटल्याचें महत्त्व असें कीं, यामुळें जहाजाच्या ग्रीसमधील वास्तव्याचे कागद केवळ गोदीच्या दप्तरांत न राहतां न्यायालयाच्या दप्तरांतही आले. मिशनऱ्यांच्या स्वतःच्या लिखाणांत त्या वर्षांची हकीकत श्रद्धेच्या कसोटीची म्हणून येते. न्यायालयाच्या कागदांत तीच कायद्याच्या उल्लंघनाचा आरोप म्हणून येते. दोन्ही पक्ष एकत्र वाचल्याविना संशोधकानें निर्णय देऊं नये. रोग्यांपुरतें पाहतां, संस्थेचें जाहीर धोरण धर्म न पाहतां मोफत उपचार करण्याचें आहे, आणि ज्या देशांत ती काम करते त्यांत मुसलमान वस्ती मोठी असलेलेही देश आहेत.

(८) शेवट

अनेक वर्षें दवाखाना चालला, तरी जहाज तें १९५३ चेंच होतें. एकदां जीर्णोद्धार झाला म्हणजे वस्तु नवी झाली असें नव्हे. तिचें मरण कांहीं काळ पुढें ढकललें गेलें इतकेंच. १९९० सालीं ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या जहाजास आग लागून मोठी प्राणहानि झाली. त्यानंतर जुन्या उतारू-जहाजांवरील आगीचे नियम टप्प्याटप्प्यानें कडक होत गेले, व ज्वलनशील बांधणीच्या जहाजांस २०१० ची मुदत घालण्यांत आली. या सुमारास कितीतरी जुनीं जहाजें मोडींत निघालीं. ‘अनास्तासिस’ २००७ सालीं निवृत्त झालें.

त्याची जागा घेणारें ‘आफ्रिका मर्सी’ हेंही जीर्णोद्धाराचेंच जहाज होय. तें मूळचें ‘द्रोनिंग इंग्रिड’ या नांवाचें, डेन्मार्कमध्यें आगगाडीचे डबे समुद्रापार नेणारें १९८० सालचें जहाज. १९९७ मध्यें ग्रेट बेल्ट या सामुद्रधुनीवरून रेल्वे सुरू झाल्यावर त्याचें काम संपलें. आगगाडीचे डबे उभे राहत ती लांबच लांब मोकळी जागा रुग्णालयास दिली गेली. येथेंही तोच नियम दिसतो : जुन्या जहाजाची मूळ बांधणी नव्या कामाची दिशा ठरविते. संस्थेनें पुढें ‘ग्लोबल मर्सी’ हें रुग्णालय म्हणूनच चीनमध्यें बांधविलेलें नवें जहाज २०२१ सालीं ताब्यांत घेतलें. तेव्हां जीर्णोद्धाराची परंपरा सोडून नव्या बांधणीचा मार्ग धरला गेला.

‘अनास्तासिस’ मात्र अखेरच्या सफरीस निघालें तें भावनगर जिल्ह्यांतील अलंगकडे. खंबायतच्या आखातांत भरती-ओहोटींतील अंतर विलक्षण मोठें आहे. मोठ्या भरतीच्या वेळीं जहाज स्वतःच्या वेगानें किनाऱ्यावर चढवावें, ओहोटीला तें कोरडें पडावें, व मग मजूरांनीं तें गॅसच्या ज्योतीनें कापावें, अशी तेथील रीत. १९८३ पासून हा धंदा तेथें चालत आहे. ज्या मुंबईस हें जहाज तरुणपणीं नियमानें येई तिच्याच उत्तरेस त्याचें पोलाद वितळविण्यास गेलें. अलंगच्या रस्त्यावर तोडलेल्या जहाजांतील पलंग, भांडीं, घड्याळें, दिवे यांचीं दुकानें आहेत. तेथें वस्तु विकल्या जातात. कागद मात्र रद्दींत जातात.

(९) संग्राहकांस विनंति

जहाजाची ओळख पटविण्यास नांव पुरेसें नाहीं हें वरील हकीकतीवरून दिसून येईल. खात्रीचें साधन आहे तें जहाजास दिलेल्या सात आंकडी क्रमांकाचें. लॉइड्स रजिस्टरच्या क्रमांकांवरून ही आंतरराष्ट्रीय पद्धत १९८७ सालीं ठरली व १९९६ पासून ती सक्तीची झाली. नांव, मालक व निशाण बदललें तरी हा क्रमांक बदलत नाहीं. परंतु १९५३ च्या तिकिटावर तो छापलेला नसणार. म्हणून जुन्या कागदांच्या बाबतींत कंपनीचें नांव, तारीख व बंदरांचा क्रम या तीन गोष्टींवरच भिस्त ठेवावी लागते. लॉइड्स रजिस्टर प्रथम १७६४ सालीं छापलें गेलें, व त्याचे वार्षिक ग्रंथ ताडून पाहिले असतां एका नांवापासून दुसऱ्या नांवापर्यंतचा दुवा बहुधा जुळतो.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहांत १९५३ ते १९६६ या काळांतील परदेशगमनाचे कागद असण्याचा संभव आहे : तिकिटांचे अर्धे तुकडे, जेवणाच्या छापील याद्या, उतारूंच्या याद्या, जहाजाच्या टपालकागदावर लिहिलेलीं पत्रें, मजल्यांचे नकाशे, धक्क्यावर काढलेलीं छायाचित्रें. असे कागद घरच्या पत्रव्यवहाराचे म्हणून बाजूस टाकले जातात किंवा वडिलांच्या मागें रद्दींत जातात. त्यांवर लॉइड ट्रिएस्टिनोचें नांव व ‘व्हिक्टोरिया’ हें अक्षर असेल तर ते फेंकूं नयेत. विशेषतः मजल्यांचा नकाशा मिळाल्यास तो फार मोलाचा समजावा. कारण पुढें जेथें शस्त्रक्रियागृहें व रुग्णकक्ष झाले तेथें आधीं काय होतें, हें त्या एका कागदावरून ठरवितां येईल, आणि तें सांगणारें जहाज आतां राहिलेलें नाहीं. मूळ कागद देणें कोणास शक्य नसेल तर त्याची नक्कल, तारीख व तो कोणत्या गांवीं मिळाला याची टीप, इतकें तरी करून ठेवावें.